हंबीरराव हवालदारांचा डुक्करछाप रुपया

आमचे दाजी हंबीरराव हवालदार भ्यालेले मी पहिल्यांदा पाहिले ते सत्याहत्तर सालच्या पौषात, भर दुपारी, आष्ट्याच्या त्यांच्या रानात. त्याआधी हा माणूस कशाला भीत असेल अशी शंकासुद्धा मला आली नव्हती. पासष्टच्या लढाईत दंडात लोखंडाचा तुकडा घेऊन आलेला गडी. साप निघाला की लोक काठी शोधायचे, दाजी पायातली चप्पल काढायचे. माझी थोरली बहीण चंद्राबाई त्यांना दिलेली, म्हणून त्यांची थट्टा करायचा मला हक्क होता आणि तो मी भरपूर वापरला. त्या दुपारनंतर मात्र थट्टा सुचली नाही, कारण त्या भीतीत अर्धा वाटेकरी मी होतो.

दाजींना नाद होता जुन्या चांदीच्या रुपयांचा. अंबाल्याच्या छावणीत एका म्हाताऱ्या शिंप्यानं तो लावला. पेन्शनीत आल्यावर लोक तंबाखूला लागतात, दारूला लागतात, हे रुपयाला लागले. राणीछाप, तिच्या पोराचा बिनमुकुटाचा (दाजी त्याला 'टकल्या' म्हणायचे), मग नातवाचा. एकेक रुपया जुन्या गणवेशाच्या चिंधीत गुंडाळून लष्करी ट्रंकेत ठेवलेला. पोरांची जन्मसालं विचारली तर बहिणीकडं बघायचे, पण कुठल्या टाकसाळीची खूण कुठं असते ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. मी माधवनगरच्या एका गिरणीत टाइमकीपर. महिन्यातून एकदा दाजी माझ्याकडं उतरायचे आणि मला ओढत सांगलीच्या एका सराफाकडं न्यायचे. दुष्काळात गोरगरिबांनी मोडलेली चांदी तिथं आटवायला पडलेली असायची. तिच्यातून दाजी रुपये वेचून घ्यायचे. 'पावणं, ह्यो माणूस म्या मरताना वाचीवला बगा,' म्हणायचे. आपण मोठं पुण्य करतोय असं त्यांना मनापासून वाटायचं. मी म्हणायचो, 'दाजी, माणसं रोजगार हमीवर खडी फोडत्यात, त्यांतलं एक वाचवा की.' ते हसायचे.

सगळ्यांत त्यांचा जीव होता तो एकोणीसशे अकराच्या रुपयावर. त्या साली नव्या राजाचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक इवलासा हत्ती कोरलेला. पण सोंड इतकी आखूड पडली की तो डुकरासारखा दिसायला लागला. लोकांत ओरड झाली, सरकारनं रुपये मागं घेतले आणि आटवले. जे थोडे बाहेर निसटले, ते डुक्करछाप. सांगलीचा सराफ म्हणाला होता, 'हवालदार, ऐकून आहे, हातात कधी धरला नाही.' आणि दाजींच्या ट्रंकेत तो होता. तो कसा आला ते ऐका.

त्र्याहत्तरचा उन्हाळा. माण-आटपाडीकडं माणसांना प्यायला पाणी नव्हतं, मेंढरांना कुठलं असणार? धनगर कळप घेऊन कृष्णाकाठाकडं उतरले होते. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, रानाला लेंडीखत मिळतं, त्यांना दाणे मिळतात. ही रीत जुनीच. दाजींच्या रानात म्हसवडजवळच्या एका वाडीचा बिराप्पा बसला होता. रंगुबाई ही त्याची विधवा भावजय, पदरी बनू नावाची तीन वर्षांची एकुलती मुलगी. गडीमाणसं कळपामागं लांब गेलेली असताना बनू तापानं फणफणली. रंगुबाई दाजींच्या सोप्यात आली, पदराची गाठ सोडली आणि हळदीनं माखलेला रुपया पुढं ठेवला.

'दादा, ह्यो आमच्या देवाच्या पेटीतला हाय. ह्ये आमचं मामंजी हाईत. टाक घडवाय जमलं न्हाई म्हून त्यांच्या नावानं रुपयाच बसवलाय. दिराला ठावं न्हाई. पोरीला डाक्तरकडं न्यायाची हाय. मामंजीस्नी सांबाळा, म्या न्यायला येती.'

त्या लोकांत घरचं थोरलं माणूस गेलं की त्याच्या नावानं चांदीचा छोटा टाक घडवतात आणि देवांच्या ओळीत बसवतात. ऐपत नसेल तोवर रुपयाला हळद लावायची, त्याचं नाव घ्यायचं. मग तो रुपया राहत नाही, तो घरातला माणूस होतो. त्याला रोज पाणी, अमावास्येला निवद. फिरस्तीवर घोड्याच्या पाठीवरच्या पेटीतून तोही बरोबर हिंडतो.

दाजींनी पैसे तसेच दिले असते. हात आखडता नव्हता त्यांचा. पण त्यांनी रुपया उलटून पाहिला, नखानं हळद खरवडली आणि त्यांना ते डुक्कर दिसलं. मग ते एवढंच म्हणाले, 'बरं, ऱ्हाऊ द्या हितं.' रंगुबाई पैसे घेऊन गेली, मुलगी वाचली. आणि त्याच दुपारी दाजींनी रिठ्याच्या पाण्यात तो रुपया घालून ब्रशनं लखलखीत घासला. माझी बहीण म्हणाली, 'आवं, कुणाचं तरी म्हातारं हाय ते, अशी आंघुळ घालत्यात व्हय?' दाजी हसले. इतक्या वर्षांची हळद न्हाणीच्या मोरीतून वाहून गेली.

तिकडं रंगुबाईनं चिंधीत खापरीचा गोल तुकडा बांधून पेटीत ठेवला. देवांची पूजा घरात तीच करायची, म्हणून तीन वर्षं ते निभलं. बिराप्पाला कळतं तर तिला पोरीसकट घराबाहेर काढलं असतं. माहेरी कुणी उरलं नव्हतं. ही गोष्ट तिनं दाजींना पहिल्याच दिवशी सांगितली होती, लपवली नव्हती.

शहात्तरच्या दिवाळीत भाऊबीजेला मी आष्ट्यात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगुबाई आली. हातात स्वतः कातलेल्या लोकरीचं काळं घोंगडं. ते दाजींच्या पायाशी ठेवून म्हणाली, 'मामंजीस्नी न्यायला आलीया. औंदा दिराचं बरं झालंय. म्हसवडच्या जत्रंतल्या रथाच्या आधी टाक घडवायचा म्हंतोय. म्हसवडचा सोनार त्योच रुपाया आटवून टाक ठोकणार हाय.'

दाजी आत गेले, मी मागोमाग. ट्रंक उघडून ते उकिडवे बसले होते, रुपया तळहातावर.

'नानासो, आटवणार रं ह्याला. ऐरणीवर घालून ठोकणार.'

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ मेली कधी गप्प बसलीय! मी म्हणालो, 'मग दुसरा द्या की. बारा सालचा द्या. राजा त्योच, चांदी तीच. तिला काय कळतंय?'

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना तेच हवं होतं, फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून हवं होतं. बाराचा रुपया त्यांनी काढला, स्वयंपाकघरातून तेल-हळद मी आणली. बहीण चुलीपाशी चहा टाकत होती, तिनं विचारलं, 'हळद कशाला रं?' मी म्हणालो, 'बोट कापलंय.' ओवाळून घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सख्ख्या बहिणीशी मी खोटं बोललो. दोघांनी मिळून बोटांनी हळद चोळली, चांगली खाचाखोचांत भरली.

रंगुबाईनं रुपया दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. बराच वेळ लावून धरला. मग खाली मान घालून म्हणाली, 'मामंजी, लय दिस ऱ्हायलासा परक्याच्या घरात,' आणि रडली. मी गोठ्याकडं बघत उभा राहिलो. ती गेल्यावर दाजी मला म्हणाले, 'वाचला बगा.' घोंगडं त्यांनी तसंच ठेवून घेतलं.

मग आला तो पौष. बिराप्पाच्याच वाडीचा ज्योतिबा नावाचा धनगर दाजींच्या रानात मेंढरं घेऊन बसला होता. रविवार होता, मी आलो होतो. तिघं बांधावर बसून शेंगा खात होतो. दाजींनी सहज विचारलं, 'बिराप्पाचं काय चाललंय? टाक घडला का?'

'घडला की. पर घरात लय इपरीत चाललंय दादा. टाक बसवला त्या दिवशी म्हातारं अंगात आलंच न्हाई. देवऋषी म्हनला, म्हातारा घरात न्हाई. परक्याच्या घरात हाय आन् उपाशी हाय.'

दाजींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

ज्योतिबा आपल्या नादात बोलत होता. 'बिराप्पा म्हंतोय, घरच्याच कुनीतरी म्हाताऱ्याला भाईर काडलंय. आता माघाच्या आवसंला समद्या बायकास्नी भंडारा उचलाय लावनार. जी खोटी आसंल ती घावंल. खोटा भंडारा उचलला की पोटच्या पोरावर येतं, ठावं हाय न्हवं तुमास्नी?'

भंडारा उचलायचा म्हणजे देवापुढची हळद मुठीत घेऊन शपथ वाहायची. कोर्टात माणूस दहा वेळा खोटं बोलेल, भंडारा हातात घेऊन धनगर बोलणार नाही. रंगुबाईपुढं दोनच वाटा उरल्या होत्या. खरं सांगून पोरीसकट रस्त्यावर यायचं, नाहीतर पोरीच्या जिवावर खोटं बोलायचं. आणि दोन्ही वाटा आम्ही दोघांनी आखून दिलेल्या.

ज्योतिबा मेंढरांकडं गेल्यावर दाजी पाचटावर बसले.  'नानासो,' म्हणाले, 'त्या देवऋषीला कसं रं ठावं? परक्याच्या घरात, उपाशी. कुनी सांगटलं त्याला?'

'अंदाज असतो दाजी. ती लोकं असंच बोलत्यात.'

बोललो खरा, पण माधवनगरला परत आलो तरी भोंगा वाजला की मी दचकायचो. कारण नसताना.

अमावास्येला महिन्याभराचा अवकाश होता. दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं, पण दाजींचा पाय उचलेना. गोळ्यांसमोर गेलेला माणूस ट्रंकेच्या खोलीत जाईना. एकदा धीर करून त्यांनी तो रुपया काढला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. मग त्या डब्यातले तांदूळ खायला भीती वाटू लागली. मग गोठ्यात नेऊन कोनाड्यात ठेवला. दुपारी त्यांच्या मनात आलं, म्हाताऱ्या माणसाला आपण गोठ्यात ठेवलं, म्हणून पुन्हा घरात आणला. त्यातच लष्करातल्या मुलाचं, सयाजीचं, पत्र यायला उशीर झाला. पोस्टमनची सायकल दिसली की दाजी घरात जाऊन बसायचे. तार असेल तर ती दुसऱ्या कुणीतरी घ्यावी म्हणून. पत्र पुढं आलं, खुशाली होती, पण तोवर ते निम्मे झाले होते.

अखेर बहिणीला सगळं कळलं. मला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि दोघांना समोर उभं केलं.

'एका रांडमुंड बाईला फशिवलंसा. कशापायी, तर डुकराच्या चित्रापायी! आन् माझ्या घरातली हळद नेऊन! माणसं हायसा का कोन?' मला म्हणाली, 'आन् तू. भाऊबीजंला ओवाळला तुला म्या.'

 ती म्हणाली, उद्याची आवस, उद्या पहिल्या गाडीनं निघा, न्हाईतर ह्या घरात चूल पेटणार न्हाई.

विट्यावरून मायणी, मायणीवरून म्हसवड. रुपया दाजींच्या आतल्या खिशात, वरून हात दाबलेला. सगळ्या वाटेनं ते एकच घोकत होते. 'बिराप्पाला सांगतो, म्याच चोरला. कळपात आलो आन् पेटी उघडून चोरला. बाईचं नावच घेत न्हाई.' मी म्हणालो, 'तुम्हाला मारतील ते.' म्हणाले, 'मारू दे.' आणि हे बोलताना त्यांचा चेहरा जरा उजळला. मार खायची भीती त्यांना नव्हतीच. म्हसवडला उतरून दोन कोस चाललो. उजाड माळ, सावलीला बाभळ नाही. आमची समजूत अशी की कार्यक्रम संध्याकाळी असणार.

वाडीत पोचलो तर घरापुढं पंगत उठून पत्रावळी गोळा करणं चाललेलं. बिराप्पा हसत पुढं आला. 'मालक! आज वाट चुकलासा जनू! बसा, बसा.' घोंगडं अंथरलं, ताक आणायला सांगितलं. मग आपणच म्हणाला, 'बरं झालं आलासा. आज उगवतीलाच समद्या बायकांनी भंडारा उचलला. चौगीबी. कुनाच्याबी मनात पाप न्हाई. घर स्वच्छ हाय आमचं. म्हातारं कुठं हिंडतंय ते हिंडू दे, येईल माघारी.'

दाजींचा हात खिशावर होता तो तिथंच राहिला. देव्हाऱ्यात नवा टाक हळदीत बसलेला मला दिसत होता. आमच्या बाराच्या रुपयाचा.

ताकाचा तांब्या घेऊन रंगुबाई दारात आली. आम्हाला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तांब्यातलं ताक हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. आम्ही सांगायला आलो आहोत असं तिला वाटलं होतं. दाजींकडं ती अशी बघत होती, की तशी नजर माझ्याकडं कुणी वळवली तर मी जन्मभर विसरणार नाही. त्या नजरेपुढं दाजींनी पाठ केलेलं सगळं गिळलं. ते सांगायचं म्हणजे तिनं सकाळी खोटी शपथ वाहिली हे सांगायचं. 'हिकडं रान बघाय आलो हुतो,' एवढं म्हणून त्यांनी ताक प्यायलं, आणि आम्ही उठलो.

वाडीबाहेरच्या विहिरीपाशी ती घागर घेऊन मागून आली. तिच्या पदराला धरून बनू. सहा-सात वर्षांची, नाकात चांदीची मोरणी, आम्हाला बघून हसणारी. आईनं तिला खडे वेचायला लांब पाठवलं.

दाजींनी रुपया काढून पुढं धरला. 'ह्यो तुमचा खरा, रंगुबाई. म्या त्या दिवशी…'

'मला ठावं हाय,' ती म्हणाली. 'त्याच दिशी कळालं. आठ वरसं हात लावून पाया पडलेली म्या. कपाळाला लावल्याबरुबर कळालं त्यो न्हवं म्हून.'

'मग बोलला का न्हाईसा?' मी विचारलं.

'तुमी दोगं गडी, म्या एकली. वरडलासा तर दिराच्या कानावर जाईल. भ्याली म्या.'

दाजी रुपया तसाच धरून उभे. 'आता तरी घ्या.'

'आता घिऊन ठिऊ कुठं दादा? एका देव्हाऱ्यात दोन सासरं बसत्यात व्हय? ह्यो घरात दिसला की म्या खोटी. सकाळी भंडारा उचललाय म्या, बनूच्या डोईवर हात ठिऊन.'  मग लांब खडे वेचणाऱ्या मुलीकडं एकदा बघून ती दाजींच्या जवळ आली आणि हात जोडून, अगदी हळू बोलली. 'त्यास्नी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. उपाशी ठिऊ नका. कण्या आन् ताक लागतं त्यास्नी. आन् दादा, माझ्या पोरीला काय करू नका म्हनावं. तुमच्या घरात हाईत, तुमचं ऐकतील.'

घागर न भरताच ती मुलीला घेऊन गेली. दाजी विहिरीच्या कठड्यावर बसले. हवालदार माणूस, लहान मुलासारखा हमसून रडला, आणि मीही.

याला आता दोन वर्षं होतील. बाकीचे रुपये दाजींनी सराफाला देऊन टाकले. डुक्करछाप राहिला. बहिणीनं त्याला हळद लावून आमच्याच देवांशेजारी बसवला. अमावास्येला जोंधळ्याच्या कण्या शिजतात, ताकाची वाटी ठेवली जाते आणि दाजी पुढं बसतात. परेडवर ज्यांचा आवाज मैलभर जायचा, ते तिथं ओठातल्या ओठात बोलतात. बनूचं नाव तेवढं ऐकू येतं.

दिवाळीनंतर पूर्वेकडचे कळप यायला लागतात. ज्योतिबाची मेंढरं ओढ्यापलीकडं दिसली की दाजी मला बोलावणं धाडतात, आणि मी रजा टाकून जातो. ज्योतिबाला विचारायला त्यांचा धीर होत नाही, मलाच पुढं पाठवतात. ते उसाच्या आत उभे राहतात, माझ्याकडं डोळे लावून. मी ज्योतिबाशी इकडचं तिकडचं बोलतो, मग वाडीची खुशाली विचारतो, मग घराघरातल्या पोराबाळांची. बनू बरी आहे असं तो म्हणाला की मी मागं वळून हात वर करतो. मगच दाजी उसातून बाहेर येतात.